मोतीबिंदूच्या माणसाला ऑपरेशनपर्यंत आणि परत घरापर्यंत कसं न्यायचं

मोतीबिंदूचं ऑपरेशन साधारण पंधरा-वीस मिनिटांचं. त्याआधीचे काही महिने आणि नंतरचे सहा आठवडे मात्र कुणाच्या फारसे हिशेबात नसतात, आणि दृष्टी हातची जाते ती बहुतेक तिथेच. २०२० साली जगात पन्नाशी ओलांडलेले सुमारे ३ कोटी ३६ लाख लोक अंध होते. त्यांतल्या जवळपास १ कोटी ५२ लाख लोकांचं अंधत्व मोतीबिंदूमुळे होतं. उपाय काही नवा नाही: गढूळ झालेलं भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवायचं. हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं ते १९४९ मध्ये. ज्येष्ठ माणूस आणि ऑपरेशनचं टेबल यांच्यातलं अंतर तेवढं अजून कापायचं राहिलंय.

ही माहिती दोघांसाठी आहे: घरातल्या वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेणाऱ्यांसाठी, आणि वस्तीत घरोघर फिरून अशी माणसं शोधणाऱ्यांसाठी. घरच्यांनी मोजमापाचा भाग गाळला तरी चालेल, थेंबांचा भाग गाळू नये.

मोजायचं कसं

सामान थोडंच लागतं. न ताणली जाणारी सहा मीटर दोरी, तीन मीटरवर एक गाठ मारलेली. एक चांगला टॉर्च. एक वही. काळ्या जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे. आणि तीन कार्डं, प्रत्येकावर तीन दात्यांच्या फणीसारखी एकेक काळी आकृती. पहिल्या कार्डावरची आकृती ८७ मिलिमीटर उंच आणि तितकीच रुंद. तिचा प्रत्येक दाता आणि मधली प्रत्येक फट साडेसतरा मिलिमीटरची. दुसरी २६ मिलिमीटरची, दाता साधारण ५ मिलिमीटर. तिसरी साडेसतरा मिलिमीटरची, दाता साडेतीन. छापून घेणार असाल तर हातात आल्यावर पट्टीने मोजा. प्रिंटर कागदात बसवण्यासाठी आकृती गुपचूप लहान करतो, आणि मग अख्ख्या वस्तीची नजर अधू निघते. कागद चकचकीत नको, उजेड परावर्तित होतो.

माणसाला सावलीत खुर्चीवर बसवा. उजेड त्याच्या पाठीमागून किंवा बाजूने यावा, समोरून डोळ्यांत नको. दोरीचं एक टोक खुर्चीला बांधा, दुसरं तुमच्या हातात. कार्ड त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि दाते कुठल्या बाजूला आहेत ते त्याला हाताने दाखवायला सांगा. अक्षरओळख लागत नाही. आधी कार्ड जवळ धरून एकदा खेळ समजावून द्या. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला हे समजलंच नाही, म्हणून त्याची नजर गेली असं लिहिलं जाणं नेहमीचं आहे. प्रत्येक वेळी कार्ड पाठीमागे नेऊन फिरवा. पाचदा विचारा. चारदा बरोबर आलं तर दिसलं म्हणायचं.

दोन्ही डोळे वेगवेगळे तपासायचे, आधी उजवा, मग डावा. लांबचा चष्मा असेल तर तो लावून. न तपासायचा डोळा पुठ्ठ्याने झाका. बोटांनी झाकला तर फटीतून बघितलं जातं, आणि तळहाताने दाबला तर त्या डोळ्याला पुढची काही मिनिटं धूसर दिसतं, म्हणजे पुढची तपासणीही वाया.

सुरुवात सहा मीटरवरून २६ मिलिमीटरच्या कार्डाने करा. दिसलं तर नजर ६/१८ (धड डोळ्याला अठरा मीटरवरून दिसतं ते याला सहा मीटरवरून दिसतं) किंवा त्याहून चांगली. मग सर्वात लहान कार्ड दाखवा, तेही दिसलं तर ६/१२. २६ मिलिमीटरचंच दिसलं नाही तर मोठं कार्ड घ्या. सहा मीटरवरून दिसलं तर ६/६०, दोरीच्या गाठीवर जाऊन दिसलं तर ३/६०, एक मीटरवर दिसलं तर १/६०. तेही नाही तर टॉर्च. चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत तो माणूस अंध ठरतो. पण ऑपरेशनची गरज ठरवायला ही व्याख्या वापरायची नसते. घरातल्या घरात ठेचकाळणाऱ्या माणसाला ६/३६ ची नजरही कमीच पडते.

नजर कमी निघाली की पुठ्ठ्याचा दुसरा तुकडा काढा. त्याला मिलिमीटरभरापेक्षा किंचित मोठं भोक पाडलेलं असावं. एकाऐवजी शेजारी शेजारी चार-पाच भोकं पाडली तर जास्त बरं, कारण मान थरथरणाऱ्या माणसाला एकुलतं एक भोक सापडत नाही. भोकातून बघून नजर स्पष्ट सुधारली तर बहुतेक चष्म्याचा नंबर आहे. तिथे चष्म्यावर काम भागू शकतं. सुधारली नाही तर अडचण भिंगात, पडद्यात (डोळ्याच्या मागच्या, उजेड टिपणाऱ्या थरात) किंवा डोळ्याच्या नसेत आहे. सुरुवातीच्या मोतीबिंदूत थोडी सुधारणा दिसू शकते, म्हणून एवढ्यावर निदान ठोकू नका. तुम्हाला फक्त ठरवायचंय की कुणाला कुठे पाठवायचं.

टॉर्चने काय बघायचं

अंधाऱ्या जागी उजेड तिरका टाकून बाहुली बघा. बाहुली म्हणजे काळ्या बुबुळाच्या मधलं गोल भोक. ती राखाडी किंवा पांढरी दिसली तर मोतीबिंदूची शक्यता मोठी. पण सगळा मोतीबिंदू मोत्यासारखा दिसत नाही. भिंगाचा गाभा कडक होत गेला की रंग पिवळट, मग तपकिरी होतो, आणि असा मोतीबिंदू टॉर्चखाली जवळपास काळाच भासतो. तेव्हा बाहुली काळी आणि नजर कमी असं दिसलं तर त्या माणसाला यादीतून गाळायचं नाही, उलट लवकर पाठवायचं. काचबिंदू किंवा मधुमेहामुळे खराब झालेला पडदाही असाच दिसतो, आणि तिथे गेलेली नजर बहुतेक परत येत नाही, उरलेली वाचवायची असते. नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर सरकत आलेली मांसाची वाढ आणि बुबुळावरचा जुना पांढरा डाग हे दोन्ही मोतीबिंदू नव्हेत. मोतीबिंदू बुबुळाच्या मागे असतो, डोळ्यावर वरून चढत नाही. त्यामुळे कुठलेही थेंब टाकून तो विरघळतही नाही.

आता या तपासणीतला सर्वात मोलाचा भाग. मोतीबिंदू कितीही दाट असला तरी उजेड आत पोचतो. म्हणून टॉर्च समोर धरला की बाहुली आकसायला हवी, आणि वरून, खालून, उजवीकडून, डावीकडून टॉर्च दाखवला की उजेड कुठून येतोय हे त्या माणसाला न चुकता सांगता यायला हवं. चारांपैकी दोन दिशा चुकल्या, किंवा उजेडच कळला नाही, तर आतला पडदा किंवा नस धड नाही. अशा माणसालाही डॉक्टरांकडे पाठवायचंच, पण "ऑपरेशन झालं की दिसेल" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. ऑपरेशन होऊनही न दिसलेला एक माणूस वस्तीतल्या दहा जणांना घरी बसवतो.

लाल झालेला, ठणकणारा डोळा, एकाएकी गेलेली नजर, सोबत डोकेदुखी किंवा उलटी, अशा माणसाला तारखेची वाट बघायला लावू नका. त्याच दिवशी न्या.

तक्रार वेगळीच सांगितली जाते

"मला मोतीबिंदू झालाय" असं सांगत कुणी येत नाही. बोलण्यातून तो हुडकावा लागतो. उन्हात गेलं की काहीच दिसत नाही, संध्याकाळी बरं दिसतं. समोरून येणाऱ्या दिव्याभोवती किरणं फुटतात. एक डोळा झाकला तरी चंद्र दोन दिसतात. पांढरं कापड मळकट वाटतं. चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला. सर्वात फसवी तक्रार ही खरं तर तक्रारच नसते. आजी कौतुकाने सांगतात की आता सुईत दोरा बिनचष्म्याचा ओवता येतो. गाभा कडक होताना भिंगाची ताकद वाढते, जवळचं काही काळ पुन्हा स्पष्ट दिसू लागतं, आणि लांबचं गेलेलं असतं त्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

आणखी एक. एक डोळा पूर्ण गेलेला असतानाही दुसरा चांगला असल्यामुळे माणसाला पत्ता नसतो. हे कळतं फक्त चांगला डोळा झाकल्यावर.

"पिकू द्या अजून"

हे वाक्य जुन्या ऑपरेशनच्या काळातलं आहे. तेव्हा मोठी चीर देऊन भिंग काढायचे, टाके घालायचे, आणि नंतर जाड काचेचा चष्मा कायमचा बसायचा. त्यामुळे नजर अगदी गेल्याशिवाय हात लावण्यात अर्थ नसायचा. आता रोजची कामं अडायला लागली की ऑपरेशनची वेळ झाली. फार पिकू दिलेला मोतीबिंदू दगडासारखा कडक होतो, तो काढताना बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना जास्त मार बसतो आणि बरं व्हायला जास्त दिवस लागतात. काही वेळा तो फुगतो किंवा आतल्या आत झिरपतो, डोळ्याचा दाब वाढतो, आणि नजर नेहमीसाठी जाते. ठरावीक ऋतूतच ऑपरेशन करावं यालाही आज आधार नाही.

"आता किती दिवस राहिलेत माझे?" याला उत्तर म्हणून आयुष्याची हमी देत बसू नका. विचारा, शेवटचं एकटं अंगणाबाहेर कधी गेलात? ताटात काय आहे ते कोण सांगतं? नजर नसलेलं म्हातारं माणूस पडतं, हाड मोडतं, आणि मग अंथरुणाला खिळतं. घरच्यांना हा हिशेब पटतो. स्वतः त्या व्यक्तीला मात्र तिच्याच वस्तीतल्या, ऑपरेशन होऊन बरं दिसणाऱ्या माणसाने दहा मिनिटं शेजारी बसून सांगितलेलं जास्त पटतं. भिंतीवरच्या पोस्टरने तसं होत नाही.

नकारामागे बहुतेकदा साधी अडचण असते, ती विचारून काढावी लागते. सोबत कोण येणार? त्या दिवशी कामावर न गेलेल्या मुलाची मजुरी कोण भरणार? घरातली लहान मुलं, गुरं कोण बघणार? बायका यात जास्त मागे राहतात; अनेक देशांतल्या पाहण्यांत बायकांची ऑपरेशनं पुरुषांपेक्षा कमी झालेली आढळतात. पुरुषाला कुणीतरी घेऊन जातं. बाईच्या बाबतीत सोबत कुणी जायचं इथेच गाडं अडतं. म्हणून यादी करताना "तयार आहे" एवढंच लिहू नका, सोबत येणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. तारीख तपासणीपासून दोन आठवड्यांच्या आत असावी. महिनाभर गेला की निम्मं मन पालटलेलं असतं. जाण्यायेण्याची गाडी ठरलेली असेल तर गळती पुष्कळ कमी होते, मग ती गाडी कितीही खटारा असो.

संमती त्या व्यक्तीची घ्यायची. मुलगा हो म्हणाला म्हणजे आई तयार झाली असं होत नाही, आणि अशी आई टेबलावर हलते.

ऑपरेशनआधीची तपासणी

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या, रिकाम्या पाकिटांसकट. तीन गोष्टी आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका. लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन चालू आहे किंवा पूर्वी कधी घेतलंय: या औषधामुळे ऑपरेशनमध्ये बाहुली अचानक आकसते आणि बुबुळाचा पडदा लुळा पडतो, आणि औषध थांबवून काही महिने झाले तरी हा परिणाम राहू शकतो. आधी माहीत असलं तर सर्जन तयारीने बसतो. दुसरं, रक्त पातळ करणारी औषधं: मनाने बंद करू नका, डॉक्टर सांगतील तसं. तिसरं, उताणं झोपल्यावर दम लागतो का, खोकला येतो का, ऐकू कमी येतं का.

तिथे नजर, डोळ्याचा दाब, बाहुली मोठी करून पडदा, रक्तदाब आणि साखर बघतात. बाहुली मोठी केली की काही तास उजेड सहन होत नाही, त्यामुळे सोबत माणूस हवाच. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या अश्रूच्या पिशवीत पू असेल किंवा पापण्या सुजून चिपडं येत असतील, तर ते आधी बरं करतात. याला चालढकल समजू नका. तोच जंतू ऑपरेशनच्या वेळी आत गेला तर डोळा जाऊ शकतो. बाकी रक्ताच्या लांबलचक चाचण्यांची यादी सर्वांना लागत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १९ हजार ऑपरेशनांच्या अभ्यासात सरसकट चाचण्या करून धोका कमी झाल्याचं आढळलं नाही.

भिंगाचा नंबर काढणं हा शांतपणे करायचा भाग. डोळ्याची लांबी सरासरी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असते, आणि मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्यात अडीच ते तीन नंबरांचा फरक पडतो. मोजणीची कांडी डोळ्यावर जरा दाबली गेली की लांबी कमी भरते. म्हणून दोन डोळ्यांच्या आकड्यांत मोठी तफावत असेल तर पुन्हा मोजायला सांगायला संकोचू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मोजणीच्या आधी किती दिवस ती काढून ठेवायची ते विचारून घ्यावं.

फेको की दुसरी पद्धत

घरच्यांचा सर्वात जास्त वेळ या प्रश्नावर जातो, आणि इतका जायला नको. फेको पद्धत चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली: दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेतात आणि घडी घातलेलं भिंग आत उलगडतात. दुसऱ्या पद्धतीत सहा-सात मिलिमीटरचा, आपोआप मिटणारा तिरका छेद घेऊन गाभा अख्खा बाहेर काढतात. सहसा टाका लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. कडक मोतीबिंदूला ही पद्धत उलट सोयीची पडते. नेपाळमधून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, सहा महिन्यांनी दोन्ही पद्धतींतल्या ९८ टक्के डोळ्यांना योग्य नंबरासह ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसत होतं. सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय ती पद्धत त्या डोळ्यासाठी चांगली. लेझरने मोतीबिंदू जाळून टाकतात हा गैरसमज आहे. लेझरचं काम वेगळं, ते शेवटी येईल.

त्यापेक्षा हे विचारा: दुसऱ्या दिवशी पट्टी कोण काढणार? रात्री डोळा दुखला तर कुणाला फोन करायचा? थेंब मिळणार की आणायचे? सहा आठवड्यांनी नंबर कोण काढणार?

ऑपरेशनचा दिवस

डोकं आणि चेहरा आदल्या दिवशी किंवा सकाळी स्वच्छ धुवायचा. काजळ, तेल, पावडर काही नको. खाण्यापिण्याचं आणि मधुमेहाच्या औषधाचं रुग्णालय सांगेल तसं. उपाशी राहून मधुमेहाची गोळी घेतल्यामुळे ऐन वेळी घाम फुटून ऑपरेशन रद्द होणं अगदी टाळण्यासारखं आहे. कुठला डोळा हे त्या माणसाला तोंडाने सांगता यायला हवं. कपाळावर खूण केली असेल तर ती बरोबर बाजूला आहे ना, हेही बघा.

भूल थेंबांची किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शनची असते, माणूस जागा असतो. चेहऱ्यावर कापड येणार, उजेड आणि पाणी जाणवणार, दुखणार नाही, हे आधी सांगितलेलं असलं की घाबरगुंडी होत नाही. खोकला किंवा शिंक आली तर हलायच्या आधी तोंडाने सांगायचं. ही एक सूचना घरी दोन-तीनदा घोकून घ्या. छेद घेण्याआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनचे थेंब टाकतात. जंतुसंसर्ग टाळण्याचा हा सर्वात स्वस्त आणि भरवशाचा उपाय, त्यामुळे डोळा नंतर थोडा चुरचुरला तर दचकू नका.

घरी येताना भिंगाचा नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या आणि वहीत चिकटवा.

थेंब

चांगलं ऑपरेशन घरी बिघडतं ते इथे. साधारणपणे जंतुनाशक थेंब एक-दोन आठवडे आणि सूज उतरवणारे स्टिरॉइडचे थेंब चार ते सहा आठवडे, हळूहळू कमी करत, असं वेळापत्रक असतं. नेमकं तुमच्या कागदावर असेल ते पाळा. स्टिरॉइड दोन दिवस बरं वाटलं म्हणून एकदम सोडलं तर सूज उलटते. आणि चांगलं वाटतंय म्हणून महिनोन्महिने आपल्या मनाने चालू ठेवलं तर डोळ्याचा दाब वाढून नस खराब होऊ शकते, तीही न दुखता.

बाटल्या सारख्या दिसतात आणि ज्याच्यासाठी त्या आहेत त्याला लेबल वाचता येत नाही. एका बाटलीला रबर गुंडाळा, दुसरीला काही नको. "रबरवाली चार वेळा" हे आजोबांच्या लक्षात राहतं.

टाकण्याची पद्धत अशी. हात साबणाने धुवा. बाटलीतलं औषध दुधाळ असेल तर चांगली हलवा, नाहीतर वर नुसतं पाणी आणि तळाला औषध. माणसाला उताणं झोपवा किंवा खुर्चीत मान मागे टेकवा, छताकडे बघायला सांगा. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की एक खळगा तयार होतो. थेंब त्यात पडला पाहिजे, बुबुळावर नाही. बुबुळावर पडला की डोळा गच्च मिटतो आणि औषध गालावर येतं. बाटलीचं तोंड पापणीला, केसाला, बोटाला कशालाच लागू देऊ नका. एक थेंब पुरे. खळग्यात त्याहून जास्त मावतच नाही. डोळा हलका मिटून, नाकाजवळचा कोपरा एका बोटाने एक-दोन मिनिटं दाबून ठेवा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. दाब हाडावर द्यायचा, डोळ्यावर नाही. दुसरं औषध पाच मिनिटांनी. लगेच टाकलं तर पहिलं धुऊन जातं.

म्हातारा माणूस एकटाच राहत असेल आणि हात थरथरत असतील, तर दिवसातून चार वेळा थेंब कोण टाकणार हे ऑपरेशनच्या आधी ठरवा. ठरत नसेल तर थेंबांच्या वेळा कमी करता येतील का, हे सर्जनला स्पष्ट विचारा. उघडलेली बाटली चार आठवड्यांनी टाकून द्या, आणि शेजाऱ्याच्या डोळ्यासाठी ती देऊ नका.

पहिला आठवडाभर तरी रात्री झोपताना प्लास्टिकची ढाल लावायची, कारण झोपेत हात डोळ्याकडे जातोच. एक-दोन आठवडे डोक्यावरून आंघोळ नाही, डोळ्यात पाणी नाही, चोळणं नाही, जड उचलणं नाही. कुंथावं लागू नये म्हणून पोट साफ राहील असं बघा. धूर आणि धूळ टाळा. वाचणं, टीव्ही बघणं, चालणं, हिंडणं यांना आडकाठी नाही. महिनाभर अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवण्याची गरज नाही.

कधी धावायचं

पहिले एक-दोन दिवस खुपणं, पाणी येणं, किंचित लाली चालते. दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा बरं वाटायला हवं, एवढीच कसोटी लक्षात ठेवा. दुखणं वाढलं, दिसायला लागलेलं कमी झालं, लाली वाढली, पापणी सुजली किंवा पू आला तर सकाळची वाट बघायची नाही. डोळ्याच्या आत जंतू शिरल्याची ही लक्षणं असू शकतात; बहुतेक वेळा ती पहिल्या आठवड्यात दिसतात आणि तिथे तासांचा हिशेब असतो. चांगल्या केंद्रांत असं हजारात एकापेक्षाही कमी डोळ्यांना होतं, पण ज्यांना होतं त्यांच्यात उशिरा आलेल्यांचा डोळा हातचा जातो. फोनवर "थेंब वाढवा" असं कुणी सांगितलं तरी डोळा दाखवाच.

एकाएकी विजेसारख्या चमका, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसणं म्हणजे डोळ्याचा पडदा सुटत असल्याची शक्यता. तेही त्याच दिवशी. हे ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही होऊ शकतं.

चष्मा, दुसरा डोळा, आणि वहीतला शेवटचा रकाना

ऑपरेशननंतर नीट न दिसण्याची कारणं चारच: डोळ्यात आधीपासून दुसरा आजार होता, ऑपरेशनमध्ये गुंतागुंत झाली, चष्मा दिला नाही, किंवा मागाहून काही उद्भवलं. यांतलं तिसरं सर्वात सोपं आणि सर्वात लाजिरवाणं. दुसरा दिवस, पहिला आठवडा आणि चार ते सहा आठवडे अशा तीन भेटी धरून चाला. पहिल्या दोनांना लोक येतात, तिसरीला येत नाहीत, आणि नंबर तर तिसरीतच निघतो, कारण छेद भरून डोळ्याचा आकार स्थिर व्हायला तेवढे दिवस लागतात. नेहमीचं एका नंबरचं भिंग लांबसाठी बसवलेलं असतं, त्यामुळे वाचायला, निवडायला, टिपायला जवळचा चष्मा लागणारच. हे आधी सांगितलं नसेल तर माणूस ऑपरेशन फसलं म्हणतो. मधल्या आठवड्यांत जुना चष्मा घातला तर ऑपरेशन झालेल्या डोळ्याला उलट धूसर दिसतं. जुना नंबर मोठा असेल तर त्या बाजूची काच काढून टाकता येते. दोन डोळ्यांच्या नंबरांत फार फरक असेल तर पायऱ्यांचा अंदाज चुकतो, तेव्हा या दिवसांत जिन्यावर हात धरा आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख लांबवू नका.

वहीत प्रत्येक माणसापुढे हे रकाने ठेवा: आधीची नजर दोन्ही डोळ्यांची, ऑपरेशनची तारीख, भिंगाचा नंबर, तीन भेटींच्या तारखा, चष्मा हातात मिळाल्याची तारीख, आणि त्याच दोरीने, त्याच कार्डांनी मोजलेली नंतरची नजर. किती ऑपरेशनं झाली याचा आकडा सगळेच ठेवतात. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०३० पर्यंत मोतीबिंदूच्या परिणामकारक ऑपरेशनांची व्याप्ती (गरज असलेल्यांपैकी किती जणांपर्यंत ती पोचली) ३० टक्के अंकांनी वाढवायचं लक्ष्य ठरवलं, आणि त्यात ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ६/१२ किंवा त्याहून चांगलं दिसलं तरच ते परिणामकारक धरतात. तुमचं तिसरं कार्ड त्यासाठीच आहे. ज्यांना ते दिसलं नाही त्यांना भोकाच्या पुठ्ठ्यातून बघायला लावा. सुधारलं तर चष्म्याचं काम राहिलंय, नाही सुधारलं तर डॉक्टरांकडे परत.

काढलेला मोतीबिंदू पुन्हा होत नाही. तरी वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर बहुधा भिंगामागची पातळ झिल्ली गढूळ झालेली असते. त्यासाठी लेझर आहे: माणूस यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसतो, काही मिनिटांत झिल्लीला मधोमध खिडकी पडते, ना छेद ना पट्टी. म्हणून चष्मा मिळाला तरी ते पान बंद करू नका, पुढच्या वर्षीच्या एका तपासणीची तारीख त्यावर आजच लिहून ठेवा.